बॅटरी मेली नाही, आपण मारली

"सायेब, तुमची सोलर मशीन बोगस निघाली!"

गेल्या वर्षी पोळ्याला चार दिवस राहिले असताना सकाळी सात वाजता मेळघाटच्या पायथ्याकडच्या एका गावचे शेतकरी माझ्या दारात उभे राहून बोलत होते. मशीन माझी नव्हती, मी विकलीही नव्हती. पण गावात शेतीवाला साहेब म्हणून मीच फिरतो, तेव्हा बियाणे उगवले नाही तरी माझे आणि मशीन चालली नाही तरी माझेच. चहा तसाच ठेवून त्यांच्याबरोबर वावरात गेलो.

दोन एकर मका. कणसात नुकते दूध भरलेले. त्यातला अर्धा-पाऊण एकर एका रात्रीत रानडुकरांनी लोळवला होता. वावराभोवती झटका मशीनची तार धड होती, खांब धड होते, पॅनेलही स्वच्छ होते. पॅनेलची वायर काढून बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी नऊ व्होल्टही दाखवत नव्हती. मग नजर शेजारच्या छोट्या पेटीवर गेली. या पेटीला कंट्रोलर म्हणतात. पॅनेल, बॅटरी आणि लोड अशा तीन जोड्या तिच्यावर असतात. त्यातल्या लोडच्या दोन्ही वायरी उपसून सरळ बॅटरीच्या टोकांना गुंडाळल्या होत्या. त्याच टोकांवरून जागलीच्या मचाणावर एक बल्ब गेला होता आणि मोबाइलचे चार्जर लोंबत होते.

"काहून असं केलं भाऊ?"

"काय करता सायेब, रातच्या दोन वाजता लाइट बंद पडे. मशीनबी बंद. मंग पोरानं डायरेक्ट जोडून देल्लं. आठ-धा दिवस सकाळलोक चालू राहे. मंग झड लागली अन् बॅटरी बसली."

आणि पुढे ते जे बोलले त्याने माझ्या पोटात गोळा आला. "आता ते सोलर-फिलर राहू द्या. लाइनचीच तार सोडतो कुंपणात."

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

झटका वेगळा, लाइन वेगळी

झटका मशीन तारेत हजारो व्होल्टचा धक्का सोडते हे खरे. पण तो धक्का साधारण सेकंदातून एकदा येतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. जनावर दचकते, मागे हटते, जिवंत राहते. लाइनची २३० व्होल्टची वीज तशी नाही. ती सलग वाहते, हाताचे स्नायू आखडवून तारेलाच चिकटवून ठेवते आणि जीव घेते. रानडुकरासाठी सोडलेल्या अशा तारेला शेजारचा शेतकरी, स्वतःचा मुलगा, राखणीचा कुत्रा, बैल कोणीही लागतो. विदर्भात अशा तारेने माणसे आणि वाघ मेल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतो. तो गुन्हा आहे आणि त्यात माणूस गेला तर शेतकऱ्याला तुरुंग आहे. लाइन नसेल तर आकडा टाकतात, म्हणजे गुन्ह्यात गुन्हा.

बॅटरी बसली म्हणजे फक्त दोन-तीन हजार रुपये गेले असे आपण समजतो. तसे नाही. बॅटरी बसली की सोलरवरचा विश्वास बसतो, आणि विश्वास बसला की माणूस लाइनच्या तारेकडे वळतो. म्हणून माझे म्हणणे असे की, बॅटरी तळापर्यंत न उपसणे हा मिस्त्रीचा विषय नाही. तो पीक संरक्षणाचा विषय आहे, घरच्या उजेडाचा विषय आहे आणि जिवाचाही आहे. फवारणीची मात्रा जशी आपण शिकतो तशी बॅटरीचीही मात्रा शिकली पाहिजे.

पाप मीही केले आहे

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपले सांगतो. नोकरीच्या पहिल्या गावात माझ्या खोलीवर लाइनचा भरवसा नव्हता. म्हणून पॅनेल आणि बॅटरी घेतली. मे महिना, पत्र्याची खोली, रात्री पंखा हवाच. पहाटे तीनला कंट्रोलर पंखा बंद करायचा. मी कृषी पदविकावाला, स्वतःला हुशार समजणारा. एका रात्री घामाघूम होऊन उठलो आणि पंख्याची वायर थेट बॅटरीला लावली. पंखा गरगर फिरला. मला वाटले, बॅटरीत वीज होती आणि ही पेटी उगाच अडवत होती!

चौदा महिन्यांत बॅटरी गेली. दुकानदाराने ती हलवून पाहिली आणि म्हणाला, "प्लेटा बसल्या." मी त्याच्याशी भांडलो, माल खराब दिला म्हणालो. तो गप्प राहिला. आज कळते की माल चांगला होता, मी खराब होतो.

आत काय होते?

सोलरला आपण बहुधा वापरतो ती शिशाची बॅटरी. तिच्यात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. वीज काढत गेलो की आम्लातला भाग प्लेटांवर बसतो आणि प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते. उलटी वीज भरली की ते सल्फेट विरघळून पुन्हा आम्ल होते. रोज हेच चालते आणि तोवर सारे ठीक असते.

गडबड कधी होते? बॅटरी तळापर्यंत उपसली आणि तशीच रिकामी ठेवली की. मग ते सल्फेट मऊ राहत नाही, खडे धरते. आपल्या अमरावती-अकोल्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. जमिनीवर पांढरे मीठ फुटले की वरून कितीही पाणी द्या, मूळ ते पीत नाही. प्लेटेचेही तसेच होते. पांढरा थर घट्ट बसला की ऊन कितीही पडो, पॅनेल कितीही मोठे असो, बॅटरी वीज पीत नाही. वर मीटरला व्होल्ट झटकन चढलेले दिसतात, आणि बल्ब लावला की झटकन पडतात. 'दुपारी फुल होते आणि संध्याकाळी खाली होते' ही जी तक्रार गावोगाव ऐकू येते ती याचीच.

ढोबळमानाने धरा, रोज निम्म्यावर थांबवलेली बॅटरी रोज तळाला नेलेल्या बॅटरीच्या दुप्पट तरी टिकते. बॅटरी तीच, पॅनेल तेच, फरक फक्त उपसण्याचा. विहिरीत रात्रभरात जेवढा झरा येतो तेवढेच आपण उपसतो ना? तळातला गाळ ढवळून मोटर चालवत नाही, कारण मोटर जळते हे ठाऊक आहे. इथे जळलेले दिसत नाही एवढाच फरक.

चार आकडे पाठ करा

साधा मल्टिमीटर बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बचत गटाने एक घेतला तरी पाडाभर पुरेल. पॅनेल आणि बल्ब दोन्ही बंद करून बॅटरीला दोन-तीन तास विसावा द्यावा आणि मग मीटर लावावा. पहाटे, कोणी खटका दाबायच्या आत पाहिले तर उत्तम.

१२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव शिल्लक. ११.८ किंवा खाली म्हणजे रिकामी. बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२ दिसले की लोक खूश होतात, पण खरे तर तेव्हा तीन हिस्से उपसून झालेले असतात. इथेच बहुतेकांची फसगत होते.

पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर लावूनही कळते. मिस्त्री ज्याला ग्रॅव्हिटी म्हणतात ती भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत साधारण १.२४ असते आणि रिकामी होता होता १.१५ च्या आसपास येते. सहा भोकांपैकी पाचांत १.२४ आणि एकात १.१५ आले तर तो एक सेल गेला असे समजावे.

पेटी शत्रू नाही

आता त्या बिचाऱ्या कंट्रोलरकडे येऊ. त्याची कामे दोन. दिवसा बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू द्यायची नाही आणि रात्री गरजेपेक्षा जास्त उपसू द्यायची नाही. बॅटरी सुमारे ११ व्होल्टपर्यंत घसरली की तो लोड तोडतो. नेमका आकडा पेटीप्रमाणे थोडा इकडेतिकडे असतो.

लोक म्हणतात पेटी लवकर तोडते. मी म्हणतो ती उशिरा तोडते! एक-दोन बल्बसारखा हलका लोड असेल तर ११ व्होल्ट येईपर्यंत बॅटरीत जवळजवळ काही उरलेलेच नसते. म्हणजे पेटी ही वावराच्या शेवटच्या धुऱ्यावरची राखणदार आहे. तिच्यापर्यंत रोज पाळी येऊ देणे म्हणजे डुकरे रोज शेवटच्या धुऱ्यापर्यंत येऊ देणे. आणि आपण तर त्या राखणदारालाच हात धरून बाजूला करतो.

दुसरी तक्रार अशी की, "सकाळी मीटर १२.३ दाखवते, तरी लाइट लागत नाही, म्हणजे पेटी बिघडली." पेटी बिघडलेली नसते. लोड तुटला की बॅटरीचे व्होल्ट आपोआप थोडे वर येतात, जसा ओझे उतरवलेला बैल मान वर करतो. तेवढ्यावर पेटीने पुन्हा लोड जोडला तर व्होल्ट पुन्हा पडतील, पुन्हा तुटेल, आणि रात्रभर बल्ब मिचमिचत राहील. म्हणून पेटी बॅटरी नीट भरून साडेबाराच्या आसपास किंवा वर जाईपर्यंत थांबते आणि मगच जोडते. ती मुद्दाम घातलेली दमधर आहे. तेवढा दम आपणही धरायचा.

थेट जोडण्यात आणखी एक धोका आहे. पेटीबरोबर बहुधा फ्यूजही टाळला जातो. वायरीला वायर लागली तर एवढीशी बॅटरीसुद्धा वायर लाल करते. मचाणावर कडबा असतो, घरात कुडाच्या भिंती असतात. पुढचे सांगायला नको.

आठवडी बाजारातून आणलेल्या छोट्या इन्व्हर्टरचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो जास्त करंट ओढतो म्हणून बहुधा थेट बॅटरीलाच जोडतात, पेटीला त्याचा पत्ताच नसतो. असे बरेच इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत टीव्ही चालवत राहतात. घरचे सिरियल पाहून झोपतात आणि बॅटरी तळाला पडलेली असते. इन्व्हर्टर घेताना 'हा किती व्होल्टला बंद पडतो?' एवढे एकच विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जा.

हिशेब घराचा

जंगलातून तार नेणे अवघड अशा घरांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि चार्जिंगची एक जागा असा संच ठरवला होता. सोबत पाच वर्षांची देखभाल होती. चांगली गोष्ट होती. आता अशा एखाद्या घराचा हिशेब मांडू.

बॅटरी १०० अँपिअर-तासाची धरा. गुणिले १२ म्हणजे १२०० वॅट-तास. पण वापरायचे निम्मे, म्हणजे ६००. आता खर्च पाहू. सात वॅटचे चार दिवे पाच तास, १४०. पंचवीस वॅटचा डीसी पंखा आठ तास, २००. चाळीस वॅटचा छोटा टीव्ही तीन तास, १२०. तीन मोबाइल मिळून ४५. बेरीज ५०५. म्हणजे भागते.

पॅनेल २०० वॅटचे असेल तर हिवाळ्या-उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी, गळती वजा जाता, साडेसहाशेच्या आसपास हाती येतात. तेही भागते. मग लग्नाचा मोसम येतो आणि कोणी शंभर वॅटचा स्पीकर तीन तास लावतो. ३०० आणखी गेले, बेरीज ८०५. बॅटरी निम्म्याच्या खाली आली. एखादे वेळी चालते, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भरून निघते.

खरी परीक्षा श्रावणात. झड लागली की दिवसाला २५०च हाती आले असे धरा. खर्च मात्र ५०५. पहिल्या दिवशी तूट २५५, दुसऱ्या दिवशी ५१०, तिसऱ्या दिवशी ७६५. म्हणजे तिसऱ्या रात्री बाराशेंपैकी दोन-तृतीयांश भागाच्या जवळपास बॅटरी उपसलेली आणि आभाळ अजून भरलेलेच. पावसाळ्यात बॅटऱ्या मरतात त्या ऊन नसते म्हणून नव्हे. ऊन कमी झाले तरी आपण खर्च कमी करत नाही, म्हणून मरतात. दुष्काळात आपण एक वेळचे पाणी तोडतो, पण झडीत टीव्ही तोडत नाही.

माझ्या फिरतीत एका पाड्यावर एका घरी टीव्हीच्या खटक्याला लाल दोरा बांधलेला पाहिला. मला वाटले नवसाचा असेल. त्या घरची बाई हसली. तिच्या पेटीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे आहेत. संध्याकाळी पिवळा लागला की ती खटक्याला दोरा बांधते. दोरा बांधला की टीव्हीला कोणी हात लावायचा नाही, एक दिवा फक्त पोरीच्या अभ्यासाचा. बाई शाळेत गेलेली नाही. तिची बॅटरी बसवल्यापासून तीच आहे. मी खिशातली वही काढून ते लिहून घेतले.

हिशेब कुंपणाचा

झटका मशीनला वीज फार लागत नाही. मशीनवर लिहिलेला करंट वाचा. पाव अँपिअर असेल तर रात्रीच्या बारा तासांत तीन अँपिअर-तास, एवढेच. बॅटरी मरते ती मशीनने नव्हे, मशीनबरोबर लावलेल्या बल्बने, टॉर्चने, चार्जिंगने. म्हणून माझा आग्रह आहे की कुंपणाची बॅटरी फक्त कुंपणाला असावी. मचाणावरच्या दिव्याला वेगळा छोटा सोलर कंदील घ्या. रानडुक्कर आणि रोही उजेडाला फार काळ भीत नाहीत, झटक्याला भितात. दोन्हींत एकच वाचवायचे असेल तर झटका वाचवा.

तारेखालचे गवत दर पंधरवड्याला कापा. गवत तारेला टेकले की झटका जमिनीत मुरतो, तार थंड पडते, आणि आपण दोष बॅटरीला देतो. पॅनेलवर पऱ्हाटीची, तुरीची सावली पडू देऊ नका. पेरणीवेळी नसलेली सावली दसऱ्याला पडते.

हंगाम संपला की मशीन घरी आणून बॅटरी कोपऱ्यात ठेवून देतात आणि पुढच्या मृगाला बाहेर काढतात. ती मेलेलीच निघते. वापर नसला तरी बॅटरी आतल्या आत हळूहळू उतरते. ठेवताना पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पॅनेलला लावा. एवढे केले तर पुढच्या वर्षी दुकानात जावे लागणार नाही.

जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळालेल्या शेतकऱ्यांनी तर हे जास्त सांभाळावे. अनुदान मशीनला एकदा मिळते, बॅटरीला दरसाल मिळत नाही.

एक गैरसमज इथेच काढतो. सौर कृषी पंपाला सहसा बॅटरी नसते. तो पॅनेलवर सरळ चालतो, ऊन आहे तोवर पाणी. त्याला बॅटरी जोडून रात्री ओलीत करण्याच्या फंदात पडू नये.

बॅटरी तळाला गेलीच तर

चुकून गेलीच, तर घाई करा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी भरायला लावा. आभाळ असेल तर लाइन असलेल्या गावात नेऊन चार्जिंगला द्या. आठवडाभर तशीच ठेवली की सल्फेट खडे धरते. पाणी कमी असेल तर फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी टाका. बोअरचे नाही, हापशीचे नाही, आणि लग्नातल्या आरओच्या कॅनचेही नाही. आम्ल तर घरी कधीच टाकू नका. टोकांवर पांढरी-निळी बुरशी आली तर पुसून व्हॅसलीन लावा.

जुन्या ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी सोलरला लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो. ती बॅटरी क्षणभर मोठा धक्का देऊन इंजिन उठवण्यासाठी असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज रात्रभर उपसायला ती बनलेली नाही. सोलरला जाड प्लेटांची ट्युब्युलरच हवी.

हल्ली लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. हलक्या आहेत, जास्त खोल उपसल्या तरी टिकतात, आणि चांगल्या बॅटरीच्या आतच राखणदार सर्किट असते. पण ते सर्किट बंद झाल्यावर बॅटरी उघडून, वायर टोचून ती 'जागी' करण्याचे उद्योग काही ठिकाणी पाहिले. ते करू नका. लिथियम पेटते, आणि पेटले की विझत नाही.

मेलेली बॅटरी ओढ्यात, विहिरीजवळ फोडू नका. शिसे विष आहे, पाण्यातून पोरांच्या पोटात जाते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत देण्याचा कायदा २००१ पासून आहे, २०२२ मध्ये नवे नियम आले. जुन्याचे पैसे वजा करूनच नवी घ्या.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही

इथवर मी शेतकऱ्याला बोललो. आता आपल्या सगळ्यांना बोलतो, त्यात मीही आलो.

कोणी विचारेल, "रात्री दोनला बंद पडणारे सोलर काय कामाचे?" प्रश्न रास्त आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवसांतही पेटी रोज रात्री तोडत असेल, तर पेटी खराब नाही, संच लहान आहे. विकणाऱ्याने घरात माणसे किती, पंखा किती तास, पावसात काय, हे विचारलेच नाही. स्वस्तात बसवायचे म्हणून बॅटरी लहान दिली. अशा वेळी उपाय एकच, बॅटरी आणि पॅनेल वाढवा किंवा वापर कमी करा. वायर थेट जोडणे हा उपाय नाही.

वाटपाच्या दिवशी काय होते ते आपण पाहतो. फोटो निघतो, सही किंवा अंगठा घेतला जातो, संच घरी जातो. पेटीवरचे तीन दिवे काय सांगतात हे कोणी सांगत नाही. सोबतचा कागद इंग्रजीत. सांगितलेच तर घरच्या कर्त्या पुरुषाला सांगतात. तो मजुरीला परगावी जातो, खटके दाबते घरची बाई. तिला कोणी विचारत नाही. मघाच्या त्या लाल दोऱ्याच्या बाईला जे स्वतःहून सुचले ते शिकवायला अर्धा तास पुरला असता.

आणि देखभालीची ठरलेली वर्षे संपली की पुढे काय? बॅटरी ही नाशवंत वस्तू आहे. पाच-सहा वर्षांनी ती बदलावीच लागते. त्या दिवसाची तजवीज कोणाकडे आहे? सुरुवातीच्या संचांची ती पाच वर्षे सरून गेली आहेत.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, संच देताना मराठीत, आणि मेळघाटात कोरकूत तोंडी, घरातल्या बाईसमोर पेटी चालू-बंद करून दाखवावी. भिंतीवर चिकटवायला तीन रंगांचे एक कार्ड द्यावे. हिरवा, सर्व चालवा. पिवळा, एक दिवा. लाल, सर्व बंद. दोन, दर गावात दहावी झालेल्या एका मुलीला किंवा मुलाला मीटर, हायड्रोमीटर आणि शुद्ध पाण्याचा कॅन देऊन तयार करावे आणि घरामागे महिन्याला काही ठरवून द्यावे. तीन, बचत गटाने बॅटरीचा गल्ला काढावा. बॅटरी बारा हजारांची धरली आणि पाच वर्षे चालली तर महिन्याला २०० रुपये होतात. बैल म्हातारा झाल्यावर गोऱ्हा शोधायला निघत नाही, आधीच वाढवतो. तसेच हे.

यासाठी वेगळा शासन निर्णय लागत नाही. ग्रामसभेत विषय घ्या. मला बोलवा, मी मीटर घेऊन येईन.

असो. त्या मक्याच्या शेतकऱ्यांशी मी त्या सकाळी दोन तास धुऱ्यावर बसलो. लाइनच्या तारेचा विषय निघाला तेव्हा त्यांची म्हातारी आई, जी तोवर मोडलेली कणसे गोळा करीत होती, उठून म्हणाली, "त्या वाटेनं माह्या नातू दूध आणाले जाते." विषय तिथेच संपला. बॅटरी नवी घेतली, वायरी पेटीवर परत लावल्या, मचाणाला वेगळा कंदील आला. वाचलेला मका निघाला, मागून हरभरा पेरला. हिवाळ्यात मी मुद्दाम पहाटे जाऊन मीटर लावला. १२.४ होते.

तुमच्या वावरातल्या, तुमच्या घरातल्या बॅटरीला उद्या पहाटे मीटर लावा. आकडा १२.२ च्या खाली आला तर उद्याच्या रात्रीपासून एक खटका कमी करा. आणि वायर थेट जोडलेली असेल तर हा पेपर खाली ठेवून आधी ती काढा.